कुलाबा ७३, सांताक्रूझ ९४४

१९९३

२००५ च्या पुराच्या बारा वर्षे आधी. मुंबई महापालिकेच्या हाती एक अहवाल येतो. नाव ब्रिमस्टोवॅड. विषय एकच : शहरात पडलेले पाणी समुद्रापर्यंत कसे न्यायचे. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील, अशा हिशेबाने बांधलेल्या आहेत. तोही समुद्राला ओहोटी असताना. अहवाल सांगतो, ही क्षमता दुप्पट करा. तासाला ५० मिलिमीटर. अंदाजे खर्च ६१६ कोटी रुपये.

काही कामे होतात. बरीचशी कागदावर राहतात.

याच काळात शहराची पातमुखे, म्हणजे नाले जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळतात त्या जागा, आहेत १८६. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली. १३५ तिच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरतीचे पाणी अडवायला दरवाजे आहेत फक्त ३ ठिकाणी. बाकीच्या ठिकाणी मोठी भरती आली की नाल्यातले पाणी बाहेर पडत नाही. समुद्रच आत येतो.

मिठी नदी विहार तलावाच्या सांडव्यापासून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळापाशी ती धावपट्टीखालून जाते आणि काटकोनात वळवलेली आहे. काठावर भंगाराची गोदामे, तबेले, कारखाने, झोपड्या. खाली वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने पात्र आवळलेले. शहरातले बरेच लोक तिला नदी म्हणून ओळखतच नाहीत. त्यांच्या लेखी तो मिठीचा नाला.

सोमवार, २५ जुलै २००५

कोकणात मुसळधार पाऊस. रायगडात डोंगरउतार पाण्याने जड झाले आहेत, सावित्री नदी फुगली आहे. हवामान खात्याचा जोरदार पावसाचा इशारा आहे. जुलै महिन्यात असा इशारा नवा नाही. दर आठवड्याला एखादा येतो, आणि मुंबई छत्री घेऊन कामाला जाते.

मुंबईत हवामान खात्याच्या प्रमुख वेधशाळा दोन : कुलाबा आणि सांताक्रूझ. दोन्हींमध्ये हवाई अंतर वीस-बावीस किलोमीटर. शहरात डॉप्लर रडार नाही. ढगात पाणी किती आणि तो कुठल्या भागावर रिकामा होणार, हे तासा-तासाने सांगू शकणारे दुसरे साधन नाही.

मंगळवार, २६ जुलै, सकाळी ८:३०

पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. देशभरातल्या वेधशाळांत याच वेळी मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात आणि नवा हिशेब उघडतात. सांताक्रूझलाही तो उघडला जातो.

लोकल वेळेवर आहेत. दिवसाला साठ लाखांच्या आसपास माणसे त्यांतून ये-जा करतात, आणि सकाळच्या या तासांत बहुतेकांचा ओघ दक्षिणेकडे असतो. घरे उत्तरेला आहेत, कचेऱ्या दक्षिणेला. संध्याकाळी हाच ओघ उलटा वाहणार आहे.

दुपारी १२:००

ढगाळ. पाऊस किरकोळ. दुपारच्या सत्रातली मुले शाळेत पोहोचली आहेत.

भरतीचे कोष्टक वर्षभर आधी छापले जाते. त्यात आजची नोंद आहे : दुपारी चारच्या सुमारास भरती, ४.४८ मीटर. हा आकडा बंदरात काम करणाऱ्यांना आणि कोळीवाड्यांना ठाऊक आहे. अंधेरीच्या शाळेला, कुर्ल्याच्या दुकानदाराला, नरिमन पॉइंटच्या कचेरीला तो ठाऊक असण्याचे कारण नाही.

दुपारी २:००

या क्षणी तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या आहेत. वाहिन्या तासाला २५ मिलिमीटरसाठी बांधल्या आहेत, हे महापालिकेच्या अहवालात आहे. चारला ४.४८ मीटरची भरती आहे, हे बंदराच्या कोष्टकात आहे. मोठ्या पावसाची शक्यता आहे, हे हवामान खात्याच्या पत्रकात आहे. तिन्ही कागद एका टेबलावर ठेवून बघणारा माणूस शहराने नेमलेला नाही.

दुपारी २:३०

सांताक्रूझला पाऊस सुरू होतो. याआधीचे सगळे सोडून द्यावे, असा.

पहिल्या काही मिनिटांत विशेष वाटत नाही. दुकानांचे पत्रे वाजतात, रिक्षावाले पडदे सोडतात, माणसे आडोशाला उभी राहतात. आडोशाला उभा राहिलेला मुंबईकर सहसा दहा मिनिटे थांबतो. पाऊस तेवढ्यात कमी होतो आणि तो निघतो.

आज दहा मिनिटांत कमी होत नाही. पुढचे कित्येक तास होणार नाही.

दुपारी ३:००

अंधेरी, सांताक्रूझ, कलिना, कुर्ला, पवई, साकीनाका, गोरेगाव. सखल रस्त्यांवर घोट्याएवढे पाणी. मिलन सबवे भरू लागतो. तो दर पावसाळ्यात भरतो, म्हणून कुणाला नवल वाटत नाही.

चर्चगेटला आणि फोर्टमध्ये रिमझिम आहे. मंत्रालय, महापालिकेचे मुख्यालय, पोलीस आयुक्तालय, पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे या दोन्हींची मुख्यालये, कुलाब्याचे हवामान कार्यालय : शहराचे निर्णय घेणारी जवळजवळ प्रत्येक खिडकी दक्षिण मुंबईत उघडते. त्या खिडक्यांतून दिसणारा पाऊस जुलैतल्या कुठल्याही मंगळवारचा आहे.

दुपारी ३:३०

अडीच ते साडेसहा या चार तासांतल्या एका तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर त्या एका तासात १९ हजार लिटर पाणी पडले. पाण्याचे जवळजवळ दोन टँकर, एका गच्चीवर. ते पाइपातून खाली येते, आवारात पडते, गटाराकडे जाते. गटाराची ताकद २५ मिलिमीटरची आहे.

विहार तलावाच्या पाणलोटात पाऊस याहूनही जास्त आहे. सांडव्यावरून पाणी मिठीत उतरते आहे.

विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली जाऊ लागते. हवाई वाहतूक थांबते. ती पुन्हा सुरू व्हायला तीस तासांहून जास्त वेळ लागेल.

दुपारी ४:००

भरती. ४.४८ मीटर.

माहीमच्या खाडीत समुद्राचे पाणी वर आले आहे आणि मिठीचे पाणी खाली येते आहे. दोघांची गाठ वांद्रे, धारावी, कुर्ला या पट्ट्यात पडते. पातमुखे पाण्याखाली. रस्त्यांवर गटारांची झाकणे आतून उचलली जातात. काही ठिकाणी लोकच ती उघडतात, पाणी लवकर ओसरावे म्हणून. उघड्या मॅनहोलवर पाणी चढले की तो दिसत नाही. जिथे झाकण उघडले तिथे एक बांबू, एक फांदी, एक लाल फडके रोवणे एवढेच करायचे असते. काही जण ते करतात.

याच सुमारास नरिमन पॉइंट, फोर्ट, बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेऱ्यांत घरून फोन येऊ लागतात. इकडे फार पाऊस आहे, लवकर निघा. त्या दिवसातला सगळ्यांत महाग सल्ला हाच. साहेबांना विचारून माणसे निघतात. हिशेब साधा आहे : गाड्या बंद पडायच्या आत घर गाठू. कचेरी कोरडी आहे, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहे, आत दिवे आहेत, पाणी आहे, फोन आहे. ते सगळे सोडून लोक पावसाच्या दिशेने निघतात.

दुपारी ४:३०

रुळांवर पाणी. लोकलच्या मोटारी डब्याखाली असतात. पाणी एका मर्यादेच्या वर गेले की गाडी चालवता येत नाही. साडेचार ते पाचच्या दरम्यान उपनगरी वाहतूक ठप्प होते. गाड्या स्थानकांत उभ्या राहतात, दोन स्थानकांच्या मधेही.

मधे अडकलेल्या गाडीत दोन पर्याय असतात. बसून राहायचे किंवा खाली उतरून रुळांवरून चालायचे. खाली किती पाणी आहे आणि खडी कुठे वाहून गेली आहे, हे दिसत नाही. बरेच जण उतरतात.

सीएसटी आणि चर्चगेट या दोन स्थानकांत मिळून सुमारे दीड लाख माणसे अडकतात. त्यांची रात्र फलाटांवर जाते. बिस्किटे आणि चहावर, वर्तमानपत्र अंथरून. गैरसोय मोठी आहे. पण तिथे छप्पर आहे आणि जमीन कोरडी आहे.

संध्याकाळी ५:००

रेल्वे बंद म्हणून सगळे रस्त्यावर. पश्चिम द्रुतगती मार्ग, एस. व्ही. रोड, लालबहादूर शास्त्री मार्ग यांवर वाहने उभी. पुढचा हलत नाही, मागे फिरायला जागा नाही.

दुपारच्या शाळा सुटायची वेळ जवळ येते. मुख्याध्यापकांपुढे प्रश्न आहे : मुले सोडायची की ठेवायची? दारात पालक आहेत, काही पालक पोहोचू शकत नाहीत, स्कूलबस कुठे आहे ते कळत नाही. अनेक शाळा मुलांना वरच्या मजल्यावर नेतात आणि दार लावून घेतात. ती मुले रात्रभर बाकांवर झोपतात, शिक्षक जागे राहतात. घरच्यांना रात्रभर काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी ती मुले घरी जातात.

संध्याकाळी ५:३०

मोटारीत बसलेल्या माणसाचा हिशेब असा असतो. बाहेर पाऊस आहे, आत कोरडे आहे. काचा वर, एसी सुरू. पाणी टायरच्या निम्म्यापर्यंत आहे, ते उतरेल. गाडी सोडली तर कुणी नेईल, किंवा ती वाहून जाईल. अजून दहा मिनिटे बघू.

पाणी दाराच्या खालच्या फटीतून पायाशी येते. चटई ओली होते. इंजिन बंद पडते. काचांवर आतून वाफ धरते आणि बाहेरचे दिसेनासे होते. आता दार उघडायचे ठरवले, तर बाहेरच्या पाण्याचा दाब दारावर आहे. काच खाली करायची, तर तिची मोटर विजेवर चालते आणि वायरिंग भिजले आहे. मध्यवर्ती कुलूपही विजेवरच. इंजिन सुरू राहिले आणि सायलेन्सर पाण्याखाली गेला, तर विषारी वायू आत साठू शकतो. त्याला वास नसतो. झोप येते.

त्या संध्याकाळी मुंबईत माणसे आपापल्या मोटारींत गेली. काही बुडून, काही गुदमरून. गाडी जिथे उभी होती तिथून कोरडा जिना बऱ्याचदा हाकेच्या अंतरावर होता.

अर्धा फूट वाहते पाणी उभ्या माणसाचा पाय सरकवते. एक फूट पाणी छोटी मोटार उचलू लागते, दोन फूट पाण्यात बहुतेक मोटारी तरंगतात. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागले की गाडी सोडायची. काच उघडते तोवर उघडायची, कुलूप काढून ठेवायचे. उशीर झालाच, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर आघात करायचा. समोरची काच थराची असते, ती सहज फुटत नाही. सीटवरची डोक्यामागची उशी उपसली, की तिच्या लोखंडी दांड्या हाती येतात. हे सगळे शहराला नंतर कळले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतल्या अनेक मोटारींत एक छोटी हातोडी आली.

संध्याकाळी ६:३०

सांताक्रूझच्या नोंदीत चार तासांचा हिशेब : ४८१.२ मिलिमीटर. वाहिन्या पूर्ण साफ असत्या आणि समुद्र पूर्ण उघडा असता, तरी या चार तासांत त्यांनी १०० मिलिमीटर नेले असते. उरलेले ३८१ मिलिमीटर रस्त्यावरच राहिले असते. वाहिन्या साफ नव्हत्या. प्लास्टिकच्या पिशव्या, गाळ, बांधकामाचा राडारोडा त्यांत होता. आणि समुद्र बंद होता.

संध्याकाळी ७:००

अंधार पडतो. रस्त्यांवरून लाखो माणसे चालत आहेत. दादरहून बोरिवलीकडे, शीवहून ठाण्याकडे.

चालण्याची एक रीत आपोआप तयार होते. दुभाजकाच्या कडेने चालायचे, कारण तो पायाला लागतो आणि त्याच्याखाली गटार नसते. एकामागे एक, हात धरून. पुढच्याच्या हातात छत्री किंवा काठी, ती आधी टेकवायची, मग पाऊल. जिथे प्रवाह आडवा आहे तिथे दोन टोकांना दोर बांधून वस्तीतली पोरे उभी असतात आणि एकेकाला पलीकडे नेतात. पोरांना कुणी बोलावलेले नाही. वस्त्यांतल्या बायका दारात उभ्या राहून चहा आणि पोळीभाजी देतात.

पोलीस, अग्निशमन दल, महापालिकेचे कर्मचारी यांतले बरेच जण स्वतःच कुठे ना कुठे अडकलेले आहेत.

संध्याकाळी ७:३०

उपनगरांत मोठ्या भागातली वीज तोडली जाते. मीटरपेट्या तळमजल्यावर, जिन्याखाली आहेत आणि तिथे पाणी आहे. वीज सुरू ठेवली तर पाण्यातून चालणारा माणूस विजेच्या धक्क्याने मरेल. निर्णय बरोबर आहे. त्याची किंमत अशी की रस्त्यावर आता काहीच दिसत नाही, मोबाइलचे मनोरे बॅटरीवर चालले आहेत, त्या बॅटऱ्या संपत आहेत आणि पंप बंद असल्याने वरच्या मजल्यांवर पिण्याचे पाणी चढत नाही.

फोन लागत नाहीत. चार वाजता घरी सांगितलेले असते : निघालो. त्यानंतर काही नाही.

रात्री ८:३०

बारा तास झाले. सांताक्रूझचा आकडा ६०० च्या पुढे. मुंबईच्या स्मरणातला मोठा पाऊस ५ जुलै १९७४ चा. त्या वेळी कुलाब्याला चोवीस तासांत ५७५.६ मिलिमीटर नोंदले गेले होते. तो आकडा मागे पडला आहे आणि अजून अर्धा दिवस बाकी आहे.

रात्री १०:००

ओहोटी. दादर-परळकडे पाणी उतरू लागते. मिठीच्या काठावर उतरत नाही, कारण वरून येतेच आहे.

कलिना, कुर्ला, बैलबाजार, क्रांतीनगर. तळमजले बुडाले. बैठ्या घरांत माणसे आधी कॉटवर चढली, मग ओट्यावर, मग पोटमाळ्यावर, मग कौले किंवा पत्रे सरकवून छपरावर. गॅसचे सिलिंडर तरंगत आहेत. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, घराचे कागद लोखंडी पेटीत खाटेखाली असतात. पेटी भरते आहे.

पाणी उंबरठ्याशी असताना तीन कामे करता येतात. मेन स्विच बंद करणे, सिलिंडरचा रेग्युलेटर काढणे, आणि म्हातारी माणसे व मुले वरच्या मजल्यावर नेणे. पाणी कमरेला लागल्यावर त्यांतले एकही धड होत नाही. उंबरठा ते कंबर हे अंतर मिठीच्या काठी त्या संध्याकाळी फार थोड्या वेळात कापले गेले.

मध्यरात्र

साकीनाक्याला डोंगराचा कडा वस्तीवर कोसळला आहे. सत्तरहून अधिक बळी. मदतीच्या गाड्यांना तिथवर पोहोचायला रस्ता नाही. रायगडात, महाड तालुक्यात, दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आहेत. तिथे दीडशेहून अधिक माणसे गेली. मुंबईला त्याची पूर्ण खबर लागायला वेळ जाईल, कारण मुंबईला या क्षणी स्वतःचीच खबर नाही.

बेस्टच्या डबलडेकर बसमध्ये प्रवासी वरच्या मजल्यावर बसून आहेत. खालच्या सीट पाण्यात. ते सकाळपर्यंत तिथेच राहतील.

मुख्यमंत्री विलासराव देशमुख दुसऱ्या दिवशीची सुट्टी जाहीर करतात. आवाहन असते, घराबाहेर पडू नका. ज्यांना ते ऐकवायचे आहे, त्यांतले बरेच जण घराबाहेरच आहेत.

बुधवार, २७ जुलै, पहाटे ४:००

पुन्हा भरतीची वेळ. खालच्या वस्त्यांत थोडे उतरलेले पाणी थबकते.

सकाळी ८:३०

चोवीस तासांचा हिशेब बंद होतो.

सांताक्रूझ : ९४४.२ मिलिमीटर. कुलाबा : ७३.४ मिलिमीटर.

एकच शहर, एकच दिवस. ९४४ हा आकडा कोणत्याही अंदाजात नव्हता आणि तो चुकल्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. पण दुपारी साडेतीनला तो अंदाज राहिला नव्हता. सांताक्रूझला तो मोजपात्रात पडत होता. तिथून वीस-बावीस किलोमीटरवर, कोरड्या कचेऱ्यांत, माणसे बॅगा आवरत होती.

२८ जुलै आणि पुढे

२८ तारखेच्या रात्री धरण फुटल्याची अफवा पसरते. जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत अंधारात चेंगराचेंगरी होते. पंधराहून अधिक जण मरतात. धरण फुटलेले नव्हते.

ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातले जंतू पुराच्या पाण्यात असतात आणि पायावरच्या साध्या जखमेतून आत शिरतात. ताप सहसा आठ-पंधरा दिवसांनी येतो, म्हणून त्याचा त्या पाण्याशी संबंध घरात कुणी जोडत नाही. पुराने मुंबईत चारशेहून अधिक बळी घेतले. नंतरच्या आजारांत आणखी दोनशेहून अधिक माणसे गेली. महाराष्ट्रात त्या आठवड्याचे बळी एक हजाराच्या वर.

२००६ नंतर

डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समिती २००६ च्या मार्चमध्ये अहवाल देते. बारा वर्षे पडून राहिलेली ब्रिमस्टोवॅडची कामे वेग घेतात. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे उदंचन केंद्रे, म्हणजे पाणी उपसणारी पंपगृहे, उभी राहतात. माहुल आणि मोगरा वर्षानुवर्षे रखडतात. मिठी रुंद होते. कुलाब्याला डॉप्लर रडार येते, पुढे वेरावलीला दुसरे. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसतात. तीन कागद एका टेबलावर आणणारा आपत्कालीन कक्ष तयार होतो.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी पुन्हा मोठा पाऊस होतो. एक नामवंत डॉक्टर प्रभादेवी परिसरात मोटार सोडून पायी निघतात आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडतात. दोन दिवसांनी मृतदेह वरळीच्या किनाऱ्यावर सापडतो.

आता इशारे रंगांत येतात. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, तिथे लाल इशारा. २६ जुलैचा पाऊस त्या रेषेच्या साडेचार पटींहून जास्त होता. म्हणजे लाल रंगाच्या पलीकडेही पाऊस असतो आणि त्याला वेगळा रंग नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी जाहीर करते. वर्तमानपत्रे ती छापतात, लोक कापून ठेवतात. २६ जुलै २००५ ची भरती ४.४८ मीटर होती. आजच्या यादीत ती तारीख आली नसती.

म्हणून यादी आणि रंग यांवर सगळे सोपवू नका. पावसाळ्यात निघण्याआधी तीन गोष्टी विचारा : जिथे जायचे आहे तिथे गेल्या तासात किती पडला, भरती किती वाजता आहे, आणि वाटेत कोणता सबवे, कोणता नाला लागतो. आपण जिथे उभे आहोत तिथला पाऊस यात मोजायचा नाही. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे, तो पाठ असू द्या. कागदपत्रे प्लास्टिकच्या जाड पिशवीत, वरच्या फळीवर. विजेरी, पिण्याचे पाणी, रोजची औषधे आणि चार दिवसांचा कोरडा शिधा हाताशी. पाण्यातून चालून आलात आणि पायाला जखम असेल, तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

आणि घरून फोन आला, इकडे फार पाऊस आहे, तर उत्तर द्या : मग मी इथेच थांबतो. कचेऱ्या चालवणाऱ्यांनी त्या रात्रीपुरती दारे उघडी ठेवावीत, शाळांनी मुले धरून ठेवावीत. २६ जुलैला कोरड्या मजल्यावर थांबलेली माणसे दुसऱ्या दिवशी उपाशी, चिडलेली, न झोपलेली अशी घरी पोहोचली. पण पोहोचली.